गुरुवारची कोळंबी

देवालाही वाटाघाटीला बसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच ताई म्हणत असू, तिचे हे यजमान. दुबईला, देऱ्यातल्या एका शिपिंगच्या ऑफिसात मॅनेजर होते आणि राहायला शेजारच्या शारजाला, रोल्ला भागात, आमच्यापासून दोन इमारती सोडून. एरवी इतके सरळमार्गी, की ऑफिसची पेन्सिल चुकून खिशात राहिली तर त्यांना रात्रभर झोप लागत नसे. जो काही वाकडेपणा देवाने त्यांच्या वाट्याला दिला होता तो त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी राखून ठेवला, आणि ती गोष्ट म्हणजे कोळंबी.

आमच्या इमारतींच्या मागच्या बोळात एक कॅफेटेरिया होता. कॅफेटेरिया हा पाटीवरचा शब्द. प्रत्यक्षात एक खिडकी, तिच्यामागे गॅस आणि बाहेर फुटपाथवर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या एवढाच त्याचा संसार. मालक मल्याळी, पण कढईपाशी उभा असायचा तो मलेशियाहून आलेला एक म्हातारा चिनी. तो कोळंबीची डोकी आणि सालं परतून, उकळून त्यांचा तांबूस रस्सा काढायचा आणि त्यात नूडल्स सोडायचा. साडूंच्या मते कोळंबीचा मान राखणारा कोकणानंतर हा जगातला दुसराच पत्ता. "आपण डोकं फेकून देतो आणि धड खातो, म्हणून आपली ही अवस्था," असं ते त्या वाडग्याकडे बघत म्हणायचे. ही अवस्था म्हणजे नक्की कुठली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण शारजाच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास बसणाऱ्या माणसाला ते सांगावंही लागत नाही.

त्यांचं खाणं हा एक विधी होता. आधी टाय शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचायचा. मग एक कोळंबी काट्याने उचलून दिव्याकडे धरायची आणि पाठीतला काळा धागा नीट काढलाय का ते पाहायचं. म्हातारा खिडकीतून हे सगळं बघत असायचा आणि पास झाल्याची मान हलली की पुन्हा कढईकडे वळायचा. त्यानंतर साडू वाडगा रिकामा होईपर्यंत एक अक्षर बोलत नसत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसत. कुणी तोंड उघडलं की डाव्या हाताचं एक बोट वर. माझी नोकरी गेली ती बातमी मी त्यांना इथेच सांगायला गेलो होतो. माझा व्हिसा जाणार, बायको-मुलांना घेऊन परत कुठल्या तोंडाने जायचं, या विचाराने मला घाम फुटला होता, आणि ह्यांचं बोट वर. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसलो. रस्सा संपला, तोंड पुसून झालं, मग म्हणाले, "हं, आता बोल." मी बोललो. पुढचे कितीतरी दिवस हा माणूस जेवणाच्या सुट्टीत, उन्हात, माझा बायोडेटा घेऊन देऱ्यातल्या ऑफिसांचे जिने चढत होता. हे मला नोकरी लागल्यावर कळलं, तेही दुसऱ्यांकडून.

पण खरी अडचण होती गुरुवारची. तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारी असायची. इतर दिवशी साडू घरी पोचेपर्यंत खिडकी बंद झालेली असे आणि शुक्रवारी म्हातारा सुट्टीवर. गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस, म्हणजे सवडीची संध्याकाळ एकच, गुरुवारची. आणि ताईच्या घरात गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी मासळीचं नावही काढायचं नाही. कुणी दुसरा असता तर त्याने एक तर दत्त सोडला असता नाही तर कोळंबी. साडूंनी दोन्ही ठेवले आणि गुरुवारच आखूड केला. त्यांच्या ऑफिसात रत्नागिरीकडचे एक मुसलमान सहकारी होते. त्यांनी कधीतरी बोलताना सांगितलं, की आमच्यात तारीख मावळतीला बदलते, गुरुवारी मगरिबची अजान झाली की शुक्रवारची रात्र सुरू. झालं. ज्या देशात राहायचं तिथलं पंचांग पाळायचं, असा निकाल साडूंनी जागच्या जागी देऊन टाकला. तेव्हापासून दर गुरुवारी सूर्य मावळायच्या सुमाराला ते त्या खुर्चीवर वाडगा पुढे घेऊन, काटा हातात धरून बसलेले असायचे. बोळाच्या टोकाच्या मशिदीतून अजान सुरू झाली की ती पूर्ण होईपर्यंत मान खाली घालून थांबायचे आणि मग पहिला घास. रमझानात तर त्यांना भरून यायचं. "आज अख्खी शारजा माझ्या पंगतीला आहे," म्हणायचे.

ताई शेजारच्या खुर्चीवर बिनदुधाचा सुलेमानी चहा घेऊन बसायची. तिला हे शास्त्र मान्य नव्हतं. "दत्त महाराजांनी काय इथला व्हिसा काढलाय?" असं ती विचारायची, आणि त्यांची मुलगी मान हलवत म्हणायची, "बाबा, दॅट्स चीटिंग." साडू दर गुरुवारी एक कोळंबी सोलून ताईपुढे धरायचे. "घे गं, शुक्रवार लागला." ती दर गुरुवारी म्हणायची, "आपला दिवस उजाडल्याशिवाय बदलत नाही." मग ती कोळंबी ते स्वतःच खायचे. वर्षानुवर्षं हा खेळ चालला होता आणि त्यात हरण्याची त्यांना सवय झाली होती.

मुलगी पुण्याला इंजिनियरिंगला गेली आणि ताईला ते दुखणं लागलं. त्याचं नाव आमच्यात कुणी घेत नसे, 'ते' एवढंच म्हणायचो. आपण बरे होईपर्यंत दर गुरुवारी कडक उपास करायचा आणि शुक्रवारी सकाळी सूर्य बघून सोडायचा, असा नवस ताईने बोलला. डॉक्टर ओरडले, माझी बायको रडली, पण ताई ऐकेना. साडूंनी मात्र एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांनीही उपास धरला. गुरुवारी अजान चालू असताना ते त्या खिडकीसमोरून मान वर न करता घरी जायचे. म्हाताऱ्याने एकदा हाक मारून विचारलं तर म्हणाले, "हबीबी, अभी नहीं. वाइफ ठीक होगी, फिर आएगा." म्हाताऱ्याने बरंच काही ओळखलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही.

इतर दिवशी ते तिच्या तोंडी काहीतरी लागावं म्हणून धडपडायचे. पहाटे फिश मार्केटला जायचे, सोलकढी करायचे, मऊ भात कालवायचे. औषधांनी ताईच्या जिभेची चवच गेली होती. ह्यांचं मन राखायला ती एक घास घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. ती भिंतीकडे वळली की हे ताट घेऊन स्वयंपाकघरात जायचे आणि नळ उगाचच सोडून ठेवायचे. आम्ही बाहेर पाण्याचा आवाज ऐकत बसायचो.

अशाच एका गुरुवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे बसलो होतो. ताई खिडकीशी पडली होती. नुकतीच मगरिबची अजान झाली होती. ती डोळे न उघडता म्हणाली, "अहो, ते नूडल्स आणता?"

साडू म्हणाले, "अगं, आज गुरुवार."

"अजान झाली ना? मग झाला की शुक्रवार."

मला आधी हसूच आलं. इतकी वर्षं हा माणूस ज्या एका वाक्यासाठी ताटकळला होता ते ती आपण होऊन बोलली होती. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बरं होईपर्यंतचा तो नवस होता, आणि तो तिने सोडून दिला होता. ते आम्हा कुणाच्याही आधी त्यांना कळलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही झाली अजान."

आम्ही सगळ्यांनी ती ऐकली होती. माझी बायको खाली मान घालून साडीचा पदर चाळवत राहिली. ताईने डोळे उघडून नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं. थांबते मी."

नूडल्स आणायला त्यांनी मला पाठवलं. मी आणलेला वाडगा त्यांनी ताटलीखाली झाकून ठेवला आणि तिचे पाय चेपत बसले. बसल्या बसल्या बोलायला लागले. नवीन रिपोर्टबद्दल, मुंबईच्या कुणा डॉक्टरांबद्दल, मुलगी सुट्टीला येईल तेव्हा सगळ्यांनी समुद्रावर जायचं त्याबद्दल. कुठलाही गुरुवार लवकर संपावा म्हणून जन्मभर भांडलेला माणूस तो एक गुरुवार दोन्ही हातांनी धरून बसला होता. ताई मधूनमधून 'हं' म्हणत होती. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, ताटलीखाली रस्सा निवत होता आणि आम्ही दोघं चोरासारखे बसून होतो.

शेवटी इशाची, रात्रीची अजान झाली. ती संपेपर्यंत ते बोलायचे थांबले. मग उठले, ताटली बाजूला केली आणि म्हणाले, "झाली बघ. आता झाली." गरम करून आणतो म्हणाले, तर ताई म्हणाली, असू दे. त्यांनी एक कोळंबी सोलली, दिव्याकडे न धरताच, आणि तिच्या तोंडात घातली. ती सावकाश चावत राहिली.

"चव लागते?" त्यांनी विचारलं.

"लागते," ताई म्हणाली. "तुम्हीपण घ्या."

ताईने पुढचा गुरुवार पाहिला नाही.

साडू आता मुलीजवळ पुण्यात असतात. आम्ही फोनवर बोलतो, बहुतेक कोथरूडच्या मासळीवाल्यांच्या अप्रामाणिकपणाबद्दल. परवा असंच बोलता बोलता ते मध्येच म्हणाले, "मी तिला थांबवायला नको होतं रे. भूक लागली होती तिला." मी म्हटलं, "साडूभाऊ, भूक नव्हती लागली. तुम्हाला तेवढा वेळ हवाय हे तिला कळलं होतं, म्हणून ती थांबली." पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला नाही.