चोवीस की दोनशे छप्पन्न

खोडाळ्याच्या योगिताला अकरावीला जीवशास्त्र शिकवायला लागून दुसरंच वर्ष. घरात शिकलेली ती पहिली. आपलं काही चुकलं तर गाव नावं ठेवील, ही धास्ती तिला कायमची.

सोमवारी तिने डीएनएचा धागा शिकवला. समजा, धाग्याच्या एका तुकड्यात चार जागा. ए, टी, जी, सी ही चार अक्षरं. मग क्रम किती होऊ शकतील? पोरांना कळावं म्हणून तिने घरचंच उदाहरण घेतलं. डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्यात आपण एका वर्षी नागली घेतो, मग वरई, मग उडीद, मग खुरासणी. एकदा घेतलेलं पीक त्या चार वर्षांत पुन्हा नाही. म्हणजे पहिल्या जागेला चार पर्याय, मग तीन, दोन, एक. चोवीस! पोरांना पटलं. पटणारच, सगळी शेतकऱ्यांचीच की.

संध्याकाळी तिची आई रखमी नागली पाखडत होती. योगिताने कौतुकाने तिलाही ते ऐकवलं. रखमी हसली.

"नागलीवर नागली टाकली तं उगवत नाय का गं? उगवते. कणसं बारकी येतात, म्हणून घेत नाय."

अगं बाई! 'घेत नाही' आणि 'होत नाही' हे योगिताने एकच धरलं होतं. धाग्यात चारही जागी ए आलं तरी चालतं. प्रत्येक जागेला चार पर्याय, म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार. दोनशे छप्पन्न. आणि याच धड्यावर चाचणी उद्या सकाळी! गप्प बसावं, चोवीसलाच गुण द्यावेत, कुणाला कळतंय, हेही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा.

सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या, चाचणीआधीच, तिने फळ्यावर २५६ लिहिलं. "पोरांनो, काल मी चुकीचं शिकवलं." तिचे कान तापले होते. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वह्या काढून चोवीसवर काट मारली.

मागच्या बाकावरची फागी मात्र नुसतीच बसली होती. योगिता तिच्यापाशी गेली. वहीत चोवीसच्या वर एक आकडा गिरगटून टाकलेला होता, तरी वाचता येत होता. दोनशे छप्पन्न.

"हे तू कालच काढलं होतंस?"

फागीने मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही शिकलेल्या, मॅडम," फागी खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, आपल्याला काय येणार."