उजवा जबडा

वर्गात धडा वाचून दाखवताना माझा जबडा अडकला. तोंड अर्धवट उघडं, मिटेना. चौथीची पोरं आधी हसली, मग एकदम गप्प झाली. मी फळ्याकडे तोंड करून जबडा चोळत उभी राहिले. थोड्या वेळानं कानाजवळ कट् असा आवाज झाला आणि तो सुटला.

दुखणं त्याआधी वर्षभराचं. सकाळी उठलं की उजवं कानशील ठणकायचं, भाकरीचा घास चावता यायचा नाही. बदनापुरात दातांच्या एका डॉक्टरानं अक्कलदाढ काढायला लावली. दाढ गेली, दुखणं राहिलं.

जबडा अडकल्यावर मात्र नवरा मला जालन्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कानापुढे दोन बोटं दाबली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दाढा पाहिल्या.

"पार सपाट झाल्यात. झोपेत दात खाता तुम्ही."

"लई खाते," नवरा म्हणाला. "जात्यावर डाळ भरडल्यावानी आवाज येतो."

त्याला माहीत होतं तर! वर्षभर मला एका शब्दानं बोलला नव्हता. बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता, इथं उकडतं म्हणून.

"कसला ताण आहे का?" बाईंनी मला विचारलं.

"हिला कसला ताण? सगळं बराबर चालू आहे," उत्तर त्यानंच दिलं.

मीही नाही म्हणून मान हलवली. काय सांगणार होते? वडील गेल्यावर धाकटा भाऊ केदारखेड्याहून हक्कसोडीचा कागद घेऊन आल्ता, हे? वावरात माझाही वाटा होता. "आक्का, तू कुठं वावर करायला येणार हाईस? मंग कशाला अडकवतीस?" असं तो म्हणाला होता. आई म्हणाली, "भाऊ हाय तर माहेर हाय." नवरा म्हणाला, "टाक सही करून, जल्दी मोकळी हो." भोकरदनच्या कचेरीत साहेबानं विचारलं, "स्वखुशीनं सोडता ना?" माझ्या खुशीचं विचारणारा तो एकटाच. तेही विचारावं लागतं म्हणून. मी हो म्हणाले. परतीच्या एसटीत, खिडकीशी बसून, घट्ट आवळलेले दात मला पहिल्यांदा जाणवले होते.

बाईंनी दातांचं माप घेतलं आणि आठवड्यानं एक पारदर्शक कडक पट्टी दिली. झोपताना वरच्या दातांवर बसवायची. दिवसा ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवायचे. जबडा गरम कपड्यानं शेकायचा. सुरुवातीला लाळ गळायची, उमासे यायचे. पण महिना-दीड महिन्यात कानशिलाचा ठणका उतरला. मी भाकरी खाऊ लागले. वर्गात पुन्हा मोठ्यानं वाचू लागले.

भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "दात दुखत होते म्हणं? आता बरं हाय ना?"

"सही केली त्या दिवसापासून दुखत होते," मी म्हणाले.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आक्का, तुला कुणी जबरदस्ती केल्ती का?"

"न्हाई."

"मंग?"

नवरा मोबाइलमध्ये बघत राहिला. भाऊ चहा अर्धा टाकून उठला. आई फोनवर म्हणाली, सणाच्या दिवशी त्याचं तोंड एवढंसं केलंस. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की दात खाणं थांबेल. पण त्यानंतर तपासणीला जालन्याला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरली, तर उजव्या बाजूला आरपार भोक पडलेलं.

"दुखतंय का?"

"बिलकुल नाही."

"खाणं चालूच आहे पण. पट्टी दात वाचवते, सवय मोडत नाही."

त्यांनी नवं माप घेतलं. या वेळी जाड पट्टी करू, म्हणाल्या.