दुखवट्याचा शर्ट

माझा पोरगा खराडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर आहे. तो कामाला निघाला की वाटावं, कोपऱ्यावर दूध आणायला चाललाय. गळ्याला सैल झालेला टी-शर्ट, त्यावर कुणाचं तरी तोंड छापलेलं, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पँट, पायात स्लीपर. शुक्रवारी तर चक्क हाफ पँट. तिथं सगळेच तसे येतात म्हणे, साहेबसुद्धा. आमच्या वडगाव रासाईत भीमेवर म्हशी धुवायला जाणारी पोरं यांच्यापेक्षा बरी दिसतात.

मला हे खटकायचं, पण खरी ठसठस होती ती माझ्या बायकोला. मेंढरं विकल्यावर काही वर्षं आम्ही कुरकुंभला राहिलो. तिथं एका औषधाच्या कारखान्यात ती झाडलोट करायची. तिथले इंजिनियर सकाळी गेटातून आत यायचे ते कडक इस्त्रीचा शर्ट आत खोचून, कमरेला पट्टा, पायात काळे बूट. ही झाडू बाजूला धरून बघत उभी राहायची. घरी येऊन सांगायची, "अवो, त्यांच्या पँटीची घडी बघा एकदा, भाकरी कापावी तिनं." आपलं पोरगं असंच कामाला जायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. पोरगं तेव्हा पाळण्यात होतं.

ते शिकलं, नोकरीला लागलं आणि पहिल्या सुट्टीला त्या अवतारात दारात येऊन उभं राहिलं.

"आरं, कामावरनं आलास, का काढून टाकलं तुला?" तिनं विचारलं.

"आई, सगळे असलंच घालत्यात तिथं."

"मग कळतं कसं, साहेब कोण आन् शिपाई कोण?"

"शिपायाला युनिफॉर्म असतो. इस्त्रीचा."

ती हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "माझ्यासाठी एक दिस जा की रं इस्त्रीचं घालून."

"जाईन गं."

ते राहूनच गेलं. यंदा कांदा काढायच्या दिवसांत ती चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. पुण्याला न्यायला निघालो तर शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मागं गाडी अडकली. तिथंच संपली. पुढं ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

दशक्रियेला पोरानं नदीवर डोकं भादरलं. आमच्यात दुखवट्याला पाहुणे कापड आणतात. बाकीच्यांनी टॉवेल-टोपी आणली. तिच्या भावानं पांढरा शर्ट आणि काळी पँट आणली. हे कापड पेटीत ठेवत नाहीत, ते अंगावर घालूनच परत कामाला लागायचं असतं.

"भाच्या, इस्त्री करून हेच घालायचं हापिसात. माझी भण तुला सांगून गेलीया."

"व्हय मामा," पोरगं म्हणालं.

मी एकटा राहू नये म्हणून तो मला पुण्याला घेऊन गेला. सोमवारी सकाळी त्यानं ते कपडे घातले. मागून शर्ट मी खोचून दिला. कुरकुंभच्या गेटातून यायचे त्यातलाच एक दिसला. जिला बघायचं होतं ती नव्हती. मी बघून काय करू?

संध्याकाळी आला तो तोंड पाडून. बूट न काढताच बसला.

"काय झालं रं?"

"सगळ्यांनी अभिनंदन केलं, आबा."

"कशाचं?"

"आमच्यात कुणी असं टापटीप आलं की समजत्यात, ह्याचा दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू हाय. त्यात डोक्यावर केस न्हाईत. एक जण म्हणला, तिरुपतीला नवस फेडून आलास, म्हंजी काम झालंच. मग पार्टी मागाय लागले."

माझ्या बायकोच्या दुखवट्यावर पार्टी.

"मग साहेबानं आत बोलावलं. माणसं कमी करणं चाललंय सध्या. म्हणला, जाणार असशील तर आत्ताच सांग, दुसऱ्या कुणाची तरी नोकरी वाचंल."

"तू काय म्हणलास?"

"म्हणलं, न्हाई सर, सहज घातलंय."

"सहज?"

एवढ्या रजेत त्या लोकांना काहीच कसं कळलं नाही, म्हणून विचारलं. तर रजा मागताना यानं फक्त एवढंच कळवलं होतं की घरी अडचण आहे. नळाला पाणी आलं नाही तर अडचण असते. आई मेली ती अडचण? मी तोंडाला येईल ते बोललो. जिनं कारखान्याची घाण काढली, तिचं मरण तू सहज म्हणून झाडून टाकलंस, असंही बोललो.

"आबा, सांगाय गेलो असतो तर रडू आलं असतं. तिथं रडता येत न्हाई."

"का? रडाय येगळं कापड लागतं का तिथं?"

त्या रात्री कुणी जेवलं नाही. मंगळवारी त्यानं कपाटातून टी-शर्ट ओढला. मी दारात आडवा उभा राहिलो.

"कालचंच घाल."

"चुरगळलंय ते, आबा. आन् परत बोलावलं तर? नोकरी जाईल."

"जाऊ दे. तिचं नाव काढून सांग, आन् मग घरी ये."

घातलं त्यानं. माझ्याकडं न बघता गेला. दुपारी फोन आला.

"सांगितलं."

"काय म्हणला साहेब?"

"खुर्चीतनं उठला. सॉरी म्हणला. खांद्यावर हात ठेवला."

"मग?"

"मग म्हणला, चारच्या मीटिंगला तूच बोल, जमंल ना?"

"तू काय म्हणलास?"

"जमंल म्हणलो."

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी विचारलं, "रडलास का?"

"न्हाई अजून. मीटिंग झाली की बघतो."

बुधवारी तो टी-शर्ट घालून गेला. मी अडवलं नाही. एक सॉरी आणि खांद्यावर हात, त्या ऑफिसात तिच्या वाट्याला एवढंच होतं, ते मिळालं. दुपारच्या एसटीनं मी गावी आलो.