गाडीमागचे राळे

आमच्या घरात बाई एक तर बाहेरची असायची, नाही तर पोटुशी. तिसरं काही असू शकतं हे माझ्या सासूला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या माघात मी पंधरा दिवस तिसरंच काही होते, आणि माझ्या दुखण्यापेक्षा त्याचाच त्यांना राग होता.

माझं माहेर नांदेडच्या पलीकडं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अंगाला. आगगाडीचा एक दिवस आणि पुढं बैलगाडी. मराठी दुसरीत शाळा सुटली, लग्न झालं आणि जालन्याकडच्या या गावात येऊन पडले. तीन साल पोटी काही नव्हतं. मग दोन महिने पाळी चुकली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या भाकरीवर तूप वाढलं. ते तूप मी आजही विसरले नाही.

पुढं एक दिवस डाग दिसला. काळपट, थोडासाच. पण दुसऱ्या दिवशीही दिसला आणि तिसऱ्याही. तूप बंद झालं. पाळी आली, बाहेरची झाली म्हणून मला गोठ्यालगतच्या छपरात बसवलं. चार दिवसांनी न्हाले, तर पाचव्याला पुन्हा डाग, म्हणून पुन्हा छपरात. "तूप खाऊन तोंड पुसलं हिनं," आत्याबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

ओटीपोटात एका बाजूला टोचायचं. मालकांनी एकदा जालन्याला, बायकांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भ असेल, म्हणाल्या, पण पिशवीत नसेल, नळीत अडकला असेल. तसं असलं तर नळी फुटेल. नसेलही. आज सांगता येत नाही, आठ दिवस इथं ठेवा. मालक म्हणाले, सुगी आहे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर तीन ओळी लिहून माझ्या हातात दिल्या.

आमचे मालक उर्दू चौथी शिकलेले. त्या काळी पोरांची शाळा उर्दूतच असायची. बाळबोध अक्षर अख्ख्या घरात मला एकटीला यायचं. छपराच्या तोंडाशी उभी राहून मी सगळ्यांना वाचून दाखवलं: पोटात एकदम कळ आली, चक्कर आली, किंवा खांद्याचं टोक दुखलं तर थांबू नका, लगेच आणा.

"पोट कुठं आन् खांदा कुठं," आत्याबाई म्हणाल्या. "कागद तूच वाचणार आन् आम्ही ऐकणार. बराबर हाय."

मालकांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत दिला. थोरली जाऊ म्हणाली, "खांदा दुखला तर जालन्याला नेत्यात व्हय? मंग माझा पंधरा साल झाले दुखून राह्यलाय. मला इलायतेला न्या." सगळे हसले. मलाही हसू आलं.

बाहेरच्या बाईनं दाण्याला, पाण्याला शिवायचं नाही. कडब्याला शिवलेलं चालतं. म्हणून मला कडब्याच्या पेंढ्या वाहायला लावलं. संध्याकाळी खांदा भरून यायचा. हा दुखणारा खांदा कामाचा की कागदातला, ते कळायचं नाही. सकाळी कपडा बघायची. रक्त जास्त दिसलं की बरं वाटायचं, पाळीच असेल, सुटले एकदाची. लगेच वाटायचं, मूल असलं तर आपण त्याच्या जाण्याची वाट बघतोय. कुणाला विचारावं? गाडी मला एकदाच मिळणार होती. उगाच जुंपायला लावली असती, तर दुसऱ्यांदा कुणी बैलाला हात लावला नसता.

एका सकाळी पेंढी उचलताना पोटात काही तुटल्यासारखं झालं. थोड्या वेळानं उजवा खांदा दुखायला लागला, अगदी टोकाला. मी पेंढ्या डाव्या खांद्यावर वाहत होते. मला कळलं. तरी मी आणखी दोन पेंढ्या वाहिल्या. का, ते आजही सांगता येत नाही. तिसरीला गंजीपाशी खाली बसले ती उठलेच नाही.

डोळे उघडले तर सगळे चार हात लांब उभे. बाहेरची म्हणून शिवायचं कुणी? मालक आईकडं बघत होते.

"गाडी जुंप, जल्दी," आत्याबाई म्हणाल्या. "हितं मेली तर हडळ व्हईल. पोटुशी मरू दे न्हाई तर बाहेरची मरू दे, व्हती हडळच. आन् ती माझ्याच घराला झोंबल."

मग मालकांनी मला उचलून गाडीत कडब्यावर टाकलं. गाडी हलली आणि मागं बारीक टपटप ऐकू यायला लागली. आत्याबाई सूप घेऊन चालत होत्या आणि वाटेवर राळे टाकत होत्या. अशी बाई मेली की प्रेतामागं राळे टाकतात. हडळ घराकडं परत निघाली की ते बारके दाणे वेचत बसते, वेचता वेचता उजाडतं, आणि ती उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.

"आत्याबाई, मी जित्ती हाय अजून."

"हायस. पण वाटंतच गेलीस, मंग राळे कोण टाकील?"

गावच्या शिवेपर्यंत त्या चालत आल्या. नीट, तुटक पडू न देता टाकत होत्या.

जालना चार तासांवर. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं, फुटलेली नळी काढली, साचलेलं रक्त काढलं. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, खांदा कधीपासून दुखत होता? मी म्हणाले, आत्ताच.

महिन्यानं परत आले. आत्याबाईंनी तोंडाआधी माझ्या पायांकडं पाहिलं. हडळीचे पाय उलटे असतात. माझे सुलटे दिसल्यावर म्हणाल्या, "ये." मी वाकून त्यांच्या पाया पडले, आणि मनापासून पडले. कागद वाचून कुणी गाडी जुंपली नव्हती. मी पडल्यावरही जुंपली नव्हती. त्या मला भ्याल्या तेव्हा जुंपली. त्यांचे उपकार मी फेडत राहिले, त्या गेल्या तोवर. उजवा खांदा दुखला की मात्र अजून हातातलं काम खाली ठेवते.