नव्या दवाखान्यातली नोंद

मंडळी, आज सकाळी आमच्या वस्तीत सरकारी दवाखाना सुरू झाला. मी आणि माझी बायको रत्ना, दोघंही गेलो होतो.

एक्क्याऐंशी साली आम्ही इथंच राहत होतो. गावात ग्रामपंचायत होती आणि शहराची हद्द ओढ्याच्या पलीकडे संपायची. मी भोसरीला कंपनीत होतो. एकदा सेकंड शिफ्टला निघताना रत्नाला कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप होती. सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय, दवाखान्यात न्या."

मी सायकल दामटत शहरातला पालिकेचा दवाखाना गाठला. दारातच अँब्युलन्स उभी होती.

ड्रायव्हर भला माणूस होता. म्हणाला, "भाऊ, हद्दीबाहेर गाडी न्यायची नाही, असा ठराव झालाय. माझ्या हातात काही नाही."

मी हात जोडले. शेवटी एका टेम्पोवाल्याला घेऊन परतलो, पण तोवर उशीर झाला होता. रत्ना वाचली, मुलगी गेली.

पुढे आम्हाला दोन मुलगे झाले. गावही शहरात आलं. त्या मुलीबद्दल मात्र आम्ही दोघं एकमेकांशी कधीच बोललो नाही.

आज नाव लिहून घेताना नर्सने रत्नाला विचारलं, "मावशी, मुलं किती?"

"तीन," रत्ना म्हणाली.

मी शेजारीच उभा होतो. घरी आल्यापासून ती भाजी निवडत बसली आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर तिच्याशी काय बोलला असता?