मेव्हण्याचं पातळ घड्याळ

पळसदेवला धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. ते बघाय मी एका मासेमाराच्या होडीत बसलो. नाव इचारायचं राह्यलंच. बोलता बोलता तो सारखा डबड्यानं होडीतलं पाणी उपसायचा.

माझ्या मनगटावर मेव्हण्याचं भारी घड्याळ, मिरवाय मागून आणलेलं. मी म्हणलं, "पाणबुड्यांचं हाय. शंभर मीटर खोल चालतंय."

डबडं थांबलं. "पापडावानी पातळ हाय की, तात्या. पाणी शिरंल."

"बाहीखाली बसावं म्हून पातळ," असं म्हणत मी दावाय उभा राह्यलो आन पाण्यात पडलो. पाणी छातीएवढंच, तरी नाकातोंडात गेलं. पण घड्याळाचा हात झेंड्यावानी वर! शंभर मीटरचं घड्याळ मी छातीभर पाण्यातनं वाचवत हुतो.

त्याच हाताला धरून त्यानं मला होडीत वढलं. घड्याळ काढलं आन सरळ पाण्यात बुचकळलं.

"आरं, मेव्हणा मारंल!"

त्यानं ते कानाला लावलं. "चालू हाय." मग माझ्या पोटाकडं बघितलं. "ह्ये एवढं पातळ, तरी आतनं कोरडं. तुमी एवढं जाड, तरी पाणी शिरलंच."

आन डबडं उचलून म्हणला, "सरका, आधी तुमाला उपसतो."