बंद मोटरीचा आवाज

माझे मामा मोटरी दुरुस्त करतात. त्यांचं मुख्य उपकरण म्हणजे हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू मोटरीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. "मागचं बेअरिंग गेलंय," म्हणाले की ते गेलेलंच असायचं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकते. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. मामांच्या कानावर मात्र लहानपणापासून ठेवत आले.

गेल्या वर्षी लाँड्रीतल्या मोटरीत त्यांना बारीक शिट्टी ऐकू आली. बेअरिंग बदललं. शिट्टी तशीच. दुसरं बदललं. मग पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावून म्हणाले, "अजून येतेय बघा."

लाँड्रीवाला शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, बटण मी अजून दाबलंच नाहीये."

मामा दुपारीच घरी आले. फ्रिजचा प्लग काढला, पंखा बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढला. घर जितकं शांत होत गेलं तितकी शिट्टी वाढली. शेवटी त्यांनी स्क्रूड्रायव्हर मामीच्या हातात दिला. "टोक माझ्या डोक्याला लाव, मूठ तुझ्या कानामागे. ऐक."

मामीने मन लावून ऐकलं. "रिकामंच वाटतंय."

"मस्करी नको. कान गेला तर मी काय करणार?"

"तीस वर्षं माझं बोलणं ऐकू येत नाही आणि न वाजणारं ऐकू येतंय," मामी म्हणाली, पण कानाच्या डॉक्टरांकडे त्याच संध्याकाळचा नंबर तिनेच लावला. मामा डॉक्टरांना अर्धंच सांगतात, म्हणून सोबत मला धाडलं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. "याला टिनिटस म्हणतात. इतकी वर्षं गोंगाटात काढलीत, त्यामुळे वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालंय. तिकडून काही येत नाही, म्हणून मेंदू पदरचा आवाज घालतो. बाकी ऐकणं चांगलं आहे."

"मग तेवढा भाग बदलून टाका."

"याचा सुटा भाग मिळत नाही, काका. अगदी शांततेत बसू नका, पंखा किंवा रेडिओ हळू चालू राहू दे. ग्राइंडर चालवताना कान झाका. आणि शिट्टी गेली का, हे दिवसभर तपासत बसू नका. लक्ष द्याल तितकी ती डोक्यावर बसेल."

मामांचा चेहरा पडला. तपासणं हाच तर त्यांचा धंदा.

परतताना मी म्हटलं, "मामा, आमच्या लॅबमधल्या एका मीटरचा काटा काही न जोडताही दोन दाखवतो. आम्ही तो मीटर फेकत नाही. दोन वजा करतो."

 घरात शिरल्या शिरल्या मामांनी फ्रिजचा प्लग परत लावला.

पुढच्या आठवड्यात लाँड्रीतली दुसरी मोटर बिघडली. मामांनी बंद मोटरीलाच स्क्रूड्रायव्हर लावला आणि मिनिटभर डोळे मिटले. "ही माझी," ते म्हणाले. "आता चालू करा." पुन्हा ऐकलं. "शिट्टी माझी. खालची घरघर तुमची. पुढचं बेअरिंग."

उघडलं. गेलेलंच होतं.

शिट्टी आजही आहे. कामाआधी मामा तिला एकदा भेटून घेतात, मग दिवसभर विचारत नाहीत. मामी रेडिओ हळू लावते आणि त्यावर स्वतः मोठ्याने बोलते.

आमच्या गल्लीतले आणखी दोन मिस्त्री हल्ली बंद मोटरीपुढे डोळे मिटून उभे असतात. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणतात, जाणकार आधी असंच ऐकतात. मामांनी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.